इलेवेशन

मी टाइल्स बसवतो, त्याही फक्त समोरच्या.
आर्वीपासून तळेगावपर्यंत कोणालाही विचारा,
दौलत मिस्त्री म्हणजे इलेवेशनवाला.
घराचं तोंड माझ्याकडे,
बाकी अंग ज्याचं त्याचं.

रस्त्यात जमिनी गेल्या, खात्यात पैसे आले,
त्या उन्हाळ्यात एकट्या पिंपळधऱ्यात
अकरा तोंडं केली मी.
पुलगावहून ट्रॅक्टरभर माल यायचा:
दगड नसलेला दगड, लाकूड नसलेलं लाकूड,
एका खोक्यात तर चक्क विटेची टाइल.
विटेच्या भिंतीवर विटेचं चित्र चिकटवलं
आणि मालकीण लांब जाऊन बघत म्हणाली,
"आता कशी वीट वाटते!"

रूपराव ठोंबऱ्यांनी मोबाइल पुढे केला.
"हे पाय. असंच पायजे."
कुठल्या तरी समुद्राकाठचा बंगला होता तो.
"खांब चार. वर दोन सिंह. तोंडं रोडाकडं."
मी विचारलं, "अन् मागून?"
"मागून कोन पायते बे?"

म्हणून तीन बाजू तशाच राहिल्या.
उघड्या विटा, सिमेंटचे ओघळ,
मागे न्हाणी,
दाराच्या जागी युरियाची शिवलेली पोती.
सून प्रणाली अंधारातच आंघोळ उरकायची.
एकदा चहाचा कप ठेवताना ती हळूच म्हणाली,
"मिस्त्रीभाऊ, एका सिंहात दारं किती येतात?"
मी मनात हिशेब केला.
तीन आली असती, टिनाची, कडीसकट.
"सिंह तर घेऊन झाले ताई," म्हणालो,
आणि कप तसाच हातात धरून बसलो,
चहा संपला होता तरी.

हॉलमध्ये सोफा आला.
त्याचं प्लास्टिक कोणी काढलं नाही.
बसलं की चर्रकन वाजायचं, म्हणून कोणी बसेना.
सगळं घर मागच्या छपरीत,
तिथंच चूल, तिथंच बाजा,
तिथंच तुरीच्या शेंगांचा ढीग आणि भांडणं.

हिवाळ्यात उकंडा कोतवाल आला.
चाळीस वर्षं तो सकाळचं ऊन
याच भिंतीला टेकून खायचा.
टेकला, घसरला, पुन्हा टेकला.
मग उठला, धोतर झटकलं,
"हे भित पाठ धरत नाई," म्हणाला
आणि शाळेच्या कुंपणाकडे गेला.

टाइल बसली की तिला टिचकी मारायची,
एवढीच आमची परीक्षा.
भरलेली असली तर गप्प राहते.
पोकळ असली की बोलते.

वास्तूच्या दिवशी अख्खं गाव जेवलं.
जो तो पत्रावळ टाकून आधी फोटोला उभा.
मधोमध रूपराव, शेजारी गाडी,
गाडीवरची शोरूमची रिबन दोन महिने झाले तरी तशीच.
मी सवयीनं बोट वाजवत होतो.
डाव्या सिंहाच्या पंजाखाली एक बोलली.
टक्क.

रूपरावांनी वळून पाहिलं.
मग उरलेले सात हजार माझ्या खिशात कोंबले.
"झकास झालं ना बे दौलत?"
"झकास," मी म्हणालो.
घरी येऊन नोटा दोनदा मोजल्या.

माझ्या घराला अजून मातीचंच तोंड आहे.
बायको म्हणते, लोकायचे तोंडं करता, आपलं कवा?
करू, म्हणतो मी.
मनात डिझाइनही ठरलंय,
सिंह नाही, फक्त दोन खांब.

तीन वर्षं झाली.
पिंपळधऱ्यावरून जाताना गाडी आपोआप हळू होते.
ती टाइल पडलेली नाही.
लोक अजून तिच्याखाली उभं राहून
नवरदेवांचे, पोरांचे फोटो काढतात.
मागच्या बाजूलाही एकदा वाकून पाहिलं.
न्हाणीला नवीन पोतं लागलंय,
हिरवं, छापील,
त्यावर एका हसऱ्या माणसाचं चित्र.
ते मात्र कोणीतरी आतल्या बाजूनं
उलटं शिवलंय.